मधले दात झिजतात

आमचे वडील चाकूरजवळच्या एका गावात सालगडी होते. पाडव्याला बोली व्हायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत दुसऱ्याच्या रानात दुसऱ्याच्या बैलांमागं चालायचं. आई खुरपायला जायची. आम्ही चार भावंडं मालकाच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत वाढलो. घरात चपलांचे जोड दोनच. ज्याला गावाबाहेर जायचं असेल त्यानं घालायचे. मी लातूरला कॉलेजात गेलो तेव्हा एक जोड माझ्याबरोबर कायमचा गेला आणि उरलेल्या पाच जणांनी एकावर भागवलं. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. तेव्हा वाटायचं, घरच्यांना अनवाणी चालायची सवयच आहे.

डबा एसटीनं यायचा. लातूरच्या स्टँडवर रोज सकाळी खेड्यापाड्यांतून डबे उतरायचे आणि त्या ढिगातून आपापला ओळखून घ्यायचा. माझ्या डब्याला आईनं लाल चिंधी बांधलेली असे. आत भाकरी आणि कारळाची चटणी. डबा उचलताना हलका लागला, की घरी आज काय परिस्थिती आहे ते स्टँडवरच समजायचं.

त्या डब्यावर मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन. घरात आणि सगळ्या भावकीत पहिला. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी गुणपत्रक हातात घेतलं, शिक्का खाली येईल असं नीट धरलं आणि विचारलं, "म्हंजी आता बैलामागं न्हाई ना जायचं?"

"न्हाई," मी म्हणालो.

बैलामागं गेलो नाही. ट्रॅक्टरखाली गेलो.

त्याचं असं झालं, की दोन वर्षं नोकरीचे अर्ज करून थकलो होतो आणि लातूरला मेहबूबचाचांच्या गॅरेजात लिहिणारा माणूस हवा होता. चाचांचं घराणं लातूरचं जुनं. आजोबा टांग्याची चाकं बांधायचे, वडील ट्रकच्या कमानपाट्या, आणि चाचा ट्रॅक्टरचं स्टेअरिंग. फक्त स्टेअरिंग. इंजिन बिघडलं तर शेजारच्या गॅरेजचं दार दाखवायचे. मी कोणता ट्रॅक्टर आला, काय बदललं, हे वहीत लिहायला म्हणून गेलो. महिनाभरात वही बाकावर राहिली आणि मी गाडीखाली. वडील एकदा भेटायला आले, माझे काळे हात पाहिले आणि चहा अर्धा ठेवून उठले. "नटबोल्टच कसायचे व्हते तर पंधरा वर्सं पुस्तकं कशापायी धरली?" एवढंच म्हणाले.

चाचा मला नावानं हाक मारत नसत. "ए ग्रॅज्युएट!" म्हणायचे. गिऱ्हाइकासमोर मुद्दाम मोठ्यानं. पहिल्यांदा राग यायचा. पुढं लक्षात आलं, की ते गिऱ्हाइकाला सांगत होते: बघा, माझ्याकडं शिकलेला माणूस आहे.

ज्यांनी कधी ट्रॅक्टरखाली डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ड्रायव्हर चाक फिरवतो, पण त्या चाकाचा आणि पुढच्या टायरांचा थेट संबंध नसतो. चाकाच्या दांड्याच्या खाली एक लोखंडी पेटी असते, तिला स्टेअरिंग बॉक्स म्हणतात. तिच्यात दातेरी भाग एकमेकांत अडकलेले असतात. ते फिरले, की बाहेरचा एक हात मागंपुढं होतो, तो रॉडला ढकलतो आणि रॉड टायर वळवतो. यात कुठंही झीज झाली, की चाक फिरतं आणि टायर जागचा हलत नाही. त्या रिकाम्या फिरण्याला आम्ही 'प्ले' म्हणतो. दोन बोटं प्ले चालतो. वीतभर झाला, की ट्रॅक्टर दारू प्यालेल्या माणसासारखा चालतो.

गिऱ्हाईक काय सांगतं ते चाचा आधी ऐकून घेत नसत. "चल, चहा पाज," म्हणायचे आणि मडगार्डवर चढून बसायचे. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर चहाच्या हॉटेलपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. चाचा रस्त्याकडं बघायचेच नाहीत. ड्रायव्हरचे खांदे बघायचे. कोणता खांदा आधी उचलला जातो, चाकाला झटका देतो की ओढतो, त्यावरून परत येईपर्यंत दोष टायरकडं आहे, रॉडमध्ये आहे की पेटीत, हे ते सांगायचे. तो चहा हीच त्यांची तपासणी. मग काम खालून वर. आधी टायरचे बेअरिंग, मग रॉडचे सांधे, मग बुश, म्हणजे दांड्यांभोवतीच्या पितळी नळ्या, आणि सगळ्यात शेवटी पेटी. पेटीच्या अंगाला एक स्क्रू असतो. तो आवळला, की दात एकमेकांच्या जवळ येतात आणि प्ले कमी होतो. हा स्क्रू किल्लीनं फिरवायला अर्धं मिनिट लागतं आणि सगळं काम त्या अर्ध्या मिनिटात बिघडू शकतं.

देवणीकडचं एक गिऱ्हाईक आठवतं. त्याच्या ट्रॅक्टरचा प्ले पाव चक्कर होता. कसा चालवत होता देव जाणे. आम्ही तीन दिवस बसून सगळं नवं केलं. चौथ्या दिवशी तो परत आला. पुढचा दिवा फुटलेला, बंपरला लिंबाच्या झाडाची साल चिकटलेली.

"काय करून ठेवलं माझ्या गाडीला?" आल्या आल्या सुरू. "जरा चाक फिरवलं की भसकन वळून राहिलीय!"

"आता बरोबर झालीय म्हणून," मी समजावलं. "आधी तुम्ही जास्त फिरवत होता."

"ते मला न्हाई माहीत. माझ्या हाताला जी सवय हाय ती मला परत द्या."

मी फिजिक्स सांगायला लागलो. चाचांनी मला हातानं गप्प केलं, आत जाऊन किल्ली आणली, स्क्रू थोडा ढिला केला आणि त्याला म्हणाले, "हौ मालक, आधी एवढा घ्या. पंधरा दिवसांनी या, अजून थोडा काढतो. असं तीनदा करू." तो तीनदा आला. तिसऱ्यांदा येताना देवणी वळूच्या जोडीचा फोटो घेऊन आला आणि त्यांतला कोणता जास्त देखणा, यावर चाचांशी तासभर वाद घालून गेला.

मला ते पटलं नव्हतं. बरोबर ते बरोबर, माणसाच्या सवयीसाठी यंत्र चुकीचं कशाला ठेवायचं? मी कंपनीचं इंग्रजी पुस्तक वाचू शकणारा त्या रस्त्यावरचा एकटा मेस्त्री होतो. त्यात प्ले किती असावा त्याचा आकडा छापलेला होता. मनात म्हणायचो, चाचांना हे वाचता आलं असतं तर इतका घोळ घातला नसता.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल ज्यांनी सोसलं त्यांनीच लिहावं. आमच्या भागात काम कोणतं आलं एवढंच सांगतो. किल्लारीकडच्या गावांत रस्ते दगडमातीनं भरले होते आणि जे काही चालत होतं ते ट्रॅक्टर-ट्रॉलीनं. पाणी, पत्रे, धान्य, माणसं, सगळं. दगडांवर आपटून आपटून पुढची चाकं तिरकी व्हायची, रॉड वाकायचे. चाचांनी गॅरेजला कुलूप लावलं, अवजारं टेम्पोत टाकली आणि आम्ही एका छावणीच्या कडेला, मोकळ्या माळावर दुकान मांडलं. पुढचे कितीतरी दिवस तिथंच. पाऊस, चिखल, आणि ट्रॅक्टरांची रांग.

एके दुपारी चाचा लांबच्या गावाला अडकलेल्या ट्रॅक्टरकडं गेले होते. मी एकटा. पत्र्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ड्रायव्हर आला. प्ले वीतभर. रॉड, बुश ठीक होते, दोष पेटीतच. मी पुस्तकातला आकडा आठवला, टायर सरळ ठेवून स्क्रू आवळला, प्ले बरोबर दोन बोटांवर आणला. ड्रायव्हरनं चाक हलवून पाहिलं आणि खूश झाला. "मेस्त्री, मोटारगाडीसारखं झालं की वो!" मला ते शब्द किती गोड लागले हे आज लिहायला लाज वाटते.

तो निघाला. माळावर सरळ गेला. छावणीच्या तोंडाशी डावीकडं वळला आणि वळतच राहिला. चाक अडकलं होतं. तो दोन्ही हातांनी ओढत होता, पण ते सुटत नव्हतं. त्यानं ब्रेक दाबला तोवर पुढचं टायर तंबूच्या दोऱ्यांत घुसलं आणि तंबू बसला.

आत एक म्हातारी होती. आम्ही धावत जाऊन कापड उचललं. तिला कुठंही लागलं नव्हतं. ती उठून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली, "दगडाखालून काढलं ते कापडाखाली दाबायला व्हय रं?"

कुणीतरी हसलं. मला हसता आलं नाही. टायर आणखी दोन हात पुढं गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिथल्या सगळ्यांना दिसत होतं.

चाचा संध्याकाळच्या आधी आले. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. पेटीचं झाकण उघडलं आणि मला आत हात घालायला लावला. "मधले दात बघ. आता कडेचे बघ."

मधले दात झिजून बारीक झाले होते. कडेचे नव्यासारखे जाड.

"ट्रॅक्टर दिवसभर काय करतो? सरळ जातो. म्हणून मधले दात झिजतात. तू टायर सरळ ठेवून आवळलंस. मधे बरोबर बसलं. वळवल्यावर जाड दात आले, ते कुठं जातील?" मग त्यांनी पुढचा भाग जॅकवर उचलला, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवलं, जिथं अडलं तिथं थांबले, स्क्रू ढिला केला, पुन्हा फिरवलं. मध्ये थोडा प्ले राहिला. तो राहूच दिला. "पुस्तकातला आकडा नव्या दातांचा हाय. हे दात जुने. तू पुस्तकाला इचारलंस, हाताला न्हाई इचारलंस."

शेवटी किल्ली पुसून स्वतःच्या खिशात ठेवली. "आता शेवटचा स्क्रू तू लावायचा न्हाई. मी लावीन."

त्या दिवसापासून तसंच चाललं. बाकी सगळं मी करायचो. गाडी सोडवायची, बुश ठोकायचे, रॉड सरळ करायचा. पेटीपर्यंत आलो, की बाजूला व्हायचं आणि चाचांची वाट बघायची. लातूरला परत आल्यावरही तेच. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, अजून काही गेली. चाचा कधी म्हणतील, "घे, आज तू लाव," याची मी रोज वाट बघितली. विचारलं मात्र नाही. ग्रॅज्युएट माणसानं किल्ली मागायची? त्यांनी आपण होऊन दिली पाहिजे, असा माझा ताठा.

दरम्यान लातूर बदललं. शहरात क्लासेस आले. गल्लोगल्ली बोर्ड, बोर्डावर पोरापोरींचे फोटो आणि मार्क. पूर्वी माझ्यासारख्यांचे डबे उतरायचे त्या स्टँडवर आता बॅगा घेतलेली मुलं आईवडिलांसकट उतरू लागली. जागेला भाव आला. चाचांचं गॅरेज भाड्याच्या जागेत होतं, मालकाला तिथं मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. चाचांनी भांडण केलं नाही. त्यांची मुलगी नांदेडला दिलेली. "आता बास झालं रे," म्हणाले आणि एका सकाळी टेम्पोत सामान भरून गेले. अवजारं सगळी मला दिली. ती किल्लीही त्यांतच होती, बाकीच्या पान्यांबरोबर गोणपाटात गुंडाळलेली. पण त्यांनी ती माझ्या हातात ठेवली नाही, आणि लाव म्हणाले नाहीत.

मी नांदेड रस्त्याला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. शेकडो पेट्या उघडल्या, शेवटचा स्क्रू मीच लावला. दुसरं कोण लावणार? पण दर वेळी वाटायचं, की मालक घरी नसताना त्याच्या कपाटाला हात लावतोय. गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी मी स्वतः दोन-दोन मैल चालवून बघायचो. लोक म्हणायचे, मेस्त्री फार काळजीचा. काळजी नव्हती ती, भीती होती.

अशात एका क्लासच्या सरांचा निरोप आला. गावाबाहेर त्यांनी मोठं आवार घेतलं होतं. क्लास, वसतिगृह आणि मध्ये हिरवंगार लॉन. लातूरला पाण्याची काय स्थिती असते ते सांगायला नको, पण या लॉनला टँकरनं पाणी यायचं. गवत कापायला त्यांनी बाहेरून एक छोटा ट्रॅक्टर आणला होता. बसायला सीट, पोटाखाली पाती, बैलगाडीएवढासुद्धा उंच नाही. चालवणारा माळी लातूरजवळच्याच मुरुडचा, विश्वनाथ नावाचा.

"आमच्या मुरुडला गवत कापून बैलाला घालत्यात," तो मला म्हणाला. "हितं कापून फेकून देत्यात आन् मग वाढावं म्हणून पाणी घालत्यात. मोठ्या लोकांचं कळत न्हाई बघा. ह्याचं चाक धरवंना, तेवढं बगा."

मी खाली बघितलं. या मशीनला पेटीच नव्हती. दांड्याच्या टोकाला बोटाएवढं दातेरी चाक आणि त्याच्यापुढं पंख्याच्या आकाराची दातेरी प्लेट. बस. प्लेटचे मधले पाच दात जवळजवळ गेलेले. कडेचे जसेच्या तसे.

नवी प्लेट मिळेना. पुण्याला फोन केला, मॉडेल बंद झालंय म्हणाले. सोपा रस्ता एकच होता: दांड्याजवळचा स्क्रू आवळून छोटं चाक प्लेटच्या जवळ सरकवायचं. सरळ जाताना झकास चाललं असतं. आणि जिथं विश्वनाथ मशीन वळवायचा तिथं, वसतिगृहाच्या उताराला, पायऱ्यांवर पोरं पुस्तकं घेऊन बसलेली असायची. मी त्या पायऱ्यांकडं बघत उभा राहिलो आणि मला तो बसलेला तंबू दिसला.

प्लेट आणि छोटं चाक सोडवून आणलं. झिजलेल्या दातांवर पितळ भरून घेतलं आणि कानसीनं एकेक दात घासायला बसलो. चार दिवस लागले. एक दात दोनदा भरावा लागला. चौथ्या दिवशी काम झालं असं डोळ्यांना वाटलं, पण बसवायचं धाडस होईना. सरांचा फोन, "काय झालं?" म्हणालो, "प्लेट नांदेडला दाखवून आणतो." ते म्हणाले, "नांदेडला कंपनीचा माणूस आहे का?" मी म्हणालो, "हो, आहे."

प्लेट आणि छोटं चाक पिशवीत घालून एसटीनं निघालो. चाकूर, अहमदपूर, लोहा. चाचांची मुलगी देगलूर नाक्याजवळ राहायची. चाचा ओट्यावर खुर्चीत बसले होते. साखरेनं डोळे गेलेले, समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं. माझा आवाज ऐकताच म्हणाले, "ए ग्रॅज्युएट! लातूर सुटलं का काय?"

आतून चहा आला. मी मशीनचं सांगितलं. गवत कापायला ट्रॅक्टर, हे ऐकून ते इतके हसले, की मुलगी बाहेर येऊन बघून गेली. मग त्यांनी हात पुढं केले. मी त्यांच्या हातांत प्लेट ठेवली आणि छोटं दातेरी चाक दिलं.

त्यांनी प्लेट मांडीवर घेतली. पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत नख फिरवलं. परत फिरवलं. मग छोटं चाक एका टोकाला लावून, कान खाली नेऊन, सगळ्या दातांवरून सावकाश लोळवलं. ते कुठं थांबतात, त्याची वाट बघत होतो.

"भरलेले कोणते?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी दोन दातांवर बोट ठेवलं. "हे."

ते दात जुने होते, कंपनीचे. भरलेले त्यांच्या पलीकडं होते. त्यांची बोटं म्हातारी झाली होती, की काम तेवढं जमलं होतं, मला ठरवता येईना. खरं सांगावं का, हेही कळेना. शेवटी सांगितलं, "न्हाई चाचा. हे न्हाईत."

पुन्हा एकदा नख फिरवलं. "मग मला न्हाई सांगता येत," म्हणाले आणि प्लेट माझ्याकडं सरकवली. "बेटा, एवढं करता येतं तर हितवर कशाला आलास?"

आणि मग माझ्या तोंडून गेलं. "शेवटचा स्क्रू तुम्ही मला कधी लावू दिला न्हाई."

"कोणता स्क्रू?"

मी भूकंपाचा तो दिवस सांगितला. तंबू, म्हातारी, खिशात ठेवलेली किल्ली. म्हातारी त्यांना आठवली. तिचं बोलणंही आठवलं. किल्ली आठवेना. शेवटी म्हणाले, "अरे, ते त्या छावणीपुरतं व्हतं. तू घाबरला व्हतास. लातूरला आल्यावर तू बाजूला व्हायचास, मला वाटायचं, ग्रॅज्युएटला म्हाताऱ्याचा मान ठेवायचाय. म्हणून मी लावायचो." मग मलाच विचारलं, "तू इचारलं का न्हाईस?"

इतकी वर्षं शेजारी शेजारी उभे राहिलो आम्ही. एक वाक्य मी बोललो असतो तर त्यांच्या हातचं बघत, त्यांच्यासमोर हजार पेट्या लावल्या असत्या. चुकलो असतो तर त्यांनी तिथंच हात धरला असता. ते शिकायचं राहून गेलं. आजही एखादी पेटी अवघड लागली, की मान आपोआप दाराकडं वळते, चाचा आत येतील म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी मी निघताना म्हणाले, "जॅकवर उचलून फिरव. दोन्ही टोकं. आन् त्या माळ्याचे खांदे बघ."

सोमवारी मी प्लेट बसवली, टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघितली आणि स्क्रू आवळला. विश्वनाथला मशीनवर बसवलं. त्यानं सगळं लॉन कापलं, वसतिगृहाच्या उताराला अकरा वेळा वळला, आणि चाक एकदाही अडलं नाही.